यादोरावांचा मोकळा पट्टा

यादोराव वयाच्या बावन्नाव्या वर्षी परीक्षेला बसणार, ही बातमी आंधळगावात पसरायला एक दुपार पुरली. पुरणारच, कारण ती पसरवण्याचं काम यादोरावांनी दुसऱ्या कुणावर सोडलंच नव्हतं. सकाळी टपालानं पत्र आलं आणि दुपारच्या चहापर्यंत ते पानठेल्यावर, सलूनमध्ये, दुधाच्या डेअरीत आणि एका बारशाच्या घरी मोठ्यानं वाचून झालं होतं. बारशाच्या घरी बाळाचं नाव अजून ठेवायचं होतं, पण पत्र आधी वाचलं गेलं.

पत्र तसं पाहिलं तर धमकीचं होतं. बियाणं, खतं आणि औषधं विकणाऱ्या दुकानदारांनी पीक सल्लागाराचा एक वर्षाचा वर्ग करावा, परीक्षा पास होऊन प्रमाणपत्र घ्यावं, नाहीतर परवान्याची मुदत वाढवून मिळणार नाही, असा त्याचा मतलब. मोहाडीपासून तुमसरपर्यंतच्या दुकानदारांनी ते वाचून कपाळाला हात लावला. यादोरावांचे मात्र डोळे चमकले. 'तुळसा कृषी केंद्र' या आपल्या दुकानात बसून बावीस वर्षं ते सल्लाच तर देत आले होते. "पंपाले एक झाकण", म्हणजे फवारणीच्या पंपाला झाकणभर औषध, हा त्यांचा मुख्य सल्ला. रोग जास्त असला तर दीड झाकण, आणि गिऱ्हाईक फारच रडवेलं दिसलं तर दोन. आता या विद्येवर सरकार स्वतः शिक्का मारून देणार होतं!

"प्रमाणित पीक सल्लागार," ते बायकोला म्हणाले. "ऐकाले कसं वाटते?"

ज्यांचं नाव दुकानाला होतं त्या तुळसाबाई पोत्यांची मोजदाद करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "ऐकाले बरं वाटते. पण अभ्यास तुमीच करान नं? का त्याच्यासाठी माणूस ठेवा लागते?"

असल्या बोलण्यानं खचणारा माणूस वेगळा. यादोरावांनी त्याच आठवड्यात तुमसरला जाऊन पाटी रंगवायला टाकली. मोठ्या अक्षरात स्वतःचं नाव, खाली 'प्रमाणित पीक सल्लागार', आणि बाजूला धानाची लोंबी काढायची, असं ठरलं. पण पेंटरनं ऐन वेळी सांगितलं की लोंबी आपल्याला जमत नाही, गोबी पक्की जमते. गेली दोन वर्षं तो फक्त चायनीजच्या गाड्या रंगवत होता. अशा रीतीनं ज्या जिल्ह्यात माणसं सकाळ-संध्याकाळ भात खातात, तिथल्या सल्लागाराच्या पाटीवर एक हिरवीगार, टपोरी पत्तागोबी अवतरली.

"पास व्हाच्या आधीच पाटी?" तुळसाबाईंनी विचारलं.

यादोरावांनाही ते जरा पटलं. म्हणून त्यांनी पाटीवर युरियाचं रिकामं पोतं चढवलं आणि ती दुकानाच्या भिंतीला टेकवून ठेवली. झाकल्यामुळे तिच्याकडे कुणाचं लक्ष जाणार नाही असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात दुकानात येणारा प्रत्येक जण आधी पोतं वर करून पाटी वाचायचा, गोबी पाहायचा आणि मग विचारायचा, "मंग, कवा लावता जी?" आता नापास झालं तर दुकान तर जाणारच होतं, वर ही गोबी जन्मभर दात काढून हसणार होती.

शेजारचे धनीराम हे निवृत्त ग्रामसेवक. परीक्षा या विषयावर त्यांचा मोठा अधिकार होता, कारण खात्याच्या एकाच परीक्षेला ते सात वेळा बसले होते. संध्याकाळी येऊन त्यांनी स्टूल ओढलं.

"यादोभाऊ, एकच गोष्ट ध्यानात ठेवा. परीक्षकाले काहीबी विचारू द्या, 'मले मालूम नाही' असं म्हणाचं नाही. पस्तीस वर्षं नोकरी केली मी. एकदाबी म्हटलं नाही."

"अन् खरंच मालूम नसलं तं?"

"तवा तं बिलकुलच नाही म्हणाचं!"

यादोरावांना हे एकदम पटलं. दुकानदारीचा पायाही हाच आहे, असं त्यांचं मत होतं.

अर्ज भरण्यापासूनच गंमत सुरू झाली. अर्जाला दहावी पास असल्याचा शाळेचा दाखला जोडायचा होता. यादोराव शिकले मामाच्या गावी, तिरोड्याकडे. तेव्हा ते गाव भंडारा जिल्ह्यात होतं. पुढे जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि मामाचं गाव, शाळा आणि यादोरावांचे गणितातले छत्तीस मार्क हे सगळं गोंदिया जिल्ह्यात गेलं. दाखल्यावर 'जिल्हा भंडारा' पाहून भंडाऱ्याचा बाबू म्हणाला, हे गाव आमच्याकडे नाही, गोंदियाहून शिक्का आणा. गोंदियाचा बाबू म्हणाला, तुम्ही पास झाले तेव्हा आमचा जिल्हाच नव्हता, शिक्का कसा मारू? यादोरावांनी अशा चार खेपा केल्या. शेवटच्या खेपेला त्यांचा आवाज चढला. "साहेब, मी पास झालो का नाही, एवढं सांगा!" तिथल्या एका म्हाताऱ्या कारकुनाला दया आली. त्यानं शिक्क्यासह लिहून दिलं की सदर गाव जिल्हा विभाजनानंतरही आपल्या जागेवरच आहे. हा कागद भंडाऱ्यात ताबडतोब चालला. का चालला ते कुणालाच कळलं नाही, पण यादोरावांनी त्याच्या तीन झेरॉक्स काढून ठेवल्या.

वर्ग दर रविवारी भरायचा. बाकांवर अडतीस दुकानदार, सगळ्यांची पोटं बाकाला टेकलेली. शिकवायला एकोडी गावच्या हर्षा मॅडम. वय जेमतेम सत्तावीस, घरचा धान, शिक्षण मोठं आणि आवाज खणखणीत. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, 'काहून?', म्हणजे 'का?', आणि खडू खाली ठेवला.

"काय करायचं ते शेतकऱ्याला सांगणारे पुष्कळ आहेत. काहून करायचं ते कोणी सांगत नाही. तो विचारणारही नाही, कारण तुम्ही दुकानात बसलेले आणि तो उभा. म्हणून त्यानं विचारायच्या आधी तुम्ही सांगायचं. माझा निम्मा अभ्यासक्रम एवढाच आहे."

यादोरावांनी हे लाल शाईनं लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या आणि पान उलटून ते साफ विसरून गेले.

बाकी अभ्यास त्यांनी मन लावून केला. पहाटे उठून ते खोडकिड्याचं जीवनचक्र मोठ्यानं म्हणायचे, इतकं मोठ्यानं की शेजारच्या धनीरामांनाही ते पाठ झालं. पंचवीस तणांची वही करायची होती. बांधावरची, रस्त्याकडेची रोपटी उपटून, कागदात दाबून, वाळवून चिकटवायची आणि खाली नावं लिहायची. यादोराव दोन दिवस पावसात भिजत धुऱ्या-धुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, हिंडले आणि टोपलीभर तण घेऊन आले. टोपली त्यांनी मागच्या पडवीत ठेवली आणि रद्दी आणायला गेले. परत आले तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. पानात हिरवी पालेभाजी होती. ती त्यांनी दोनदा मागून घेतली.

"भाजी लय मस्त झाली आज. कोणती होय?"

"तुमीच तं आणली टोपलीभर," तुळसाबाई म्हणाल्या. "चिवळ होती, केना होता, तरोट्याचा कोवळा पाला होता. बाकीचा कचरा फेकून देला."

फेकलेला कचरा यादोरावांनी वेचून आणला आणि वहीत चिकटवला. पुढच्या रविवारी हर्षा मॅडम वही चाळता चाळता थांबल्या. "यादोराव, सात, आठ आणि अकरा नंबर कुठं आहेत?"

"खाल्ले, मॅडम."

वर्ग पाच मिनिटं हसत होता. मॅडम हसल्या नाहीत. ज्याच्या घरी तण आणि भाजी बायकोलाच जास्त कळते, त्यानं पुढच्या वेळी बायकोला वर्गाला पाठवावं, असं त्या म्हणाल्या. यादोरावांना हे लागलं. गावात मात्र त्यांनी सांगितलं की आज वर्गात आपल्या संशोधनावर चर्चा झाली.

असं करता करता वर्ष सरलं आणि शेवटची मोठी परीक्षा समोर आली, ती शेतातली. प्रत्येकानं एका शेतकऱ्याच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, नव्या पद्धतीनं धान रोवून दाखवायचा आणि परीक्षकानं येऊन तो पाहायचा. शंभरातले चाळीस मार्क या एका बांधीला होते. यादोरावांचा लेखी पेपर बेताचाच गेला होता. म्हणजे त्यांचं दुकान आणि पाटी, दोन्ही आता या बांधीवर अवलंबून होती.

बांधी दिली इश्वरनं. हा त्यांचा जुना गिऱ्हाईक, पस्तिशीचा, भला माणूस. यादोरावांनी त्याला विष दिलं असतं तरी "पंपाले किती झाकण?" एवढंच त्यानं विचारलं असतं. रोवायला गोदावरीबाईंची चौदा बायांची टोळी होती. गोदावरीबाई साठीच्या, काटक. चिखलात वाकून रोवत मागं सरकायच्या तेव्हा तरण्या बाया मागे पडायच्या. त्यांच्या हातात यादोरावांनी नायलॉनची दोरी दिली. दोरीला वीतभर अंतरावर तुळसाबाईंच्या जुन्या साडीच्या चिंध्या बांधलेल्या होत्या.

"दोरीवर कपडे वाळू घालतेत, भाऊ," गोदावरीबाई म्हणाल्या. "धान कायले?"

"परीक्षा आहे माही, बाई."

"मंग ठीक आहे. तुमची परीक्षा तं आमची परीक्षा."

दोरी सरकत गेली आणि ओळी सरळ पडत गेल्या. यादोराव धुऱ्यावर छत्री धरून उभे होते. "दहा ओळी झाल्या का एक पट्टा मोकळा सोडाचा!" त्यांनी फर्मावलं. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. गोदावरीबाईंनी "बरं जी" म्हटलं. का सोडायचा ते कुणीही विचारलं नाही. आपल्या शब्दाला किती वजन आहे, या विचारानं यादोरावांचा ऊर भरून आला आणि ते जेवायला घरी गेले. ही सोमवारची गोष्ट. परीक्षक गुरुवारी येणार होते, तोवर इश्वरच्या बाकीच्या बांध्यांचा रोवणा चालू राहणार होता.

त्या तीन दिवसांत यादोराव जमिनीवर नव्हते. त्यांनी केस कापून घेतले, सायकल पुसली, पोतं उचलून पाटीवरची धूळ झटकली. बुधवारी संध्याकाळी बांधीकडे जाऊन पट्टे मोजले. सहा पट्टे, दीड-दीड फुटाचे, स्वच्छ पाण्यानं चमकत होते. आता मार्क कसे कापतो तेच पाहू, असं ते त्या पट्ट्यांकडे पाहत पुटपुटले.

गुरुवारी अकराला जीप आली. पुढे हर्षा मॅडम, मागे परीक्षक साहेब. पांढरा शर्ट, पांढरी पँट, जाड चष्मा, हातात पॅडवर लावलेला मार्कांचा कागद. साहेब मातीचे शास्त्रज्ञ होते आणि हसण्याची त्यांना सवय नसावी. यादोराव पुढे होऊन वाट दाखवत होते. मदतीला म्हणून धनीरामही आले होते. मदत कुणी मागितली नव्हती.

"पट्टा पद्धत, साहेब," यादोराव चालता चालता सांगत होते. "दहा ओळी, मंग एक पट्टा मोकळा. दहा ओळी, मंग..."

आणि ते धुऱ्यावर थबकले. बांधीत एकही पट्टा नव्हता. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत नुसता धान. सोमवारची रोपं आता हिरवी होऊन उभी होती आणि त्यांच्या मध्ये सहा पट्ट्यांत ताजे, पिवळसर, मान टाकलेले पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, रांगेनं लावलेले होते. पाण्याचा एक ठिपका दिसत नव्हता.

यादोराव वाकून वाकून पट्टे शोधू लागले. इश्वर मात्र हसत हसत पुढे आला. "काई फिकर करू नका, भाऊ. भरून टाकलं सारं!"

"काय भरलं?"

बाजूच्या बांधीतून गोदावरीबाई चिखल तुडवत आल्या. चेहऱ्यावर उपकार केल्याचा आनंद मावत नव्हता. "आज रोवणा सरते, पऱ्ह्याच्या दहा-बारा जुड्या उरून राहिल्या. म्हटलं, यादोभाऊले पऱ्हे कमी पडले असतीन, सांगाले लाजत असतीन. साहेब पाहाले येऊन राहिले अन् बांधीत खाली जागा दिसली तं कसं वाटन? सकाळीच साऱ्या जणींनी मिळून भरली. मजुरीबी नाही घेतली!"

पिढ्यान् पिढ्या धान रोवणाऱ्या बायांना बांधीत रिकामी जागा बघवत नाही. चूक त्यांनी केली नव्हती, माया केली होती. पण तेवढ्यात साहेब टेप काढून ओळी मोजायला धुऱ्यावरून वाकले आणि खरा घोटाळा झाला. रोवण्याच्या शेवटच्या दिवशी जो कुणी कोरड्या कपड्यात बांधीवर येईल त्याला चिखल लावायचा, ही तिथली जुनी रीत. मालक असो की पाहुणा, कुणी सुटत नाही. साहेबांइतका कोरडा आणि पांढरा माणूस त्या धुऱ्यावर आजवर आलाच नव्हता.

"थांबा! थांबा! थे परीक्षक होत!" यादोराव ओरडले. तोवर चौदा जणींनी गराडा घातला होता. हसण्याचा एकच कल्लोळ उठला, मार्कांचा कागद पाण्यात पडला, चष्मा कुठं गेला ते कळलंच नाही, आणि बाया बाजूला झाल्या तेव्हा धुऱ्यावर कोणी एक शास्त्रज्ञ उभे होते हे फक्त त्यांच्या उंचीवरून ओळखता येत होतं. हर्षा मॅडमच्याही दोन्ही गालांवर पाच-पाच बोटं उमटली होती, पण त्या एकोडीच्या, ही रीत त्यांना ठाऊक होती. त्या नुसत्या हसू दाबत होत्या.

गोदावरीबाईंनी पायानं चिखल चाचपला, अंगठ्यात धरून चष्मा वर काढला, पदराला पुसला आणि साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो डोळ्यांवर चढवला. मग गालावरचा चिखल दोन बोटांनी काढला, बोटांत चोळला, पुन्हा चोळला, उजेडात धरला.

"माती चांगली आहे," ते म्हणाले. "चिकण जरा जास्त."

कुणी हसायची हिंमत केली नाही. साहेबांनी कागद पाण्यातून उचलून झटकला आणि विचारलं, "इश्वर, तुम्हाला काय सल्ला दिला होता?"

"यादोभाऊ सांगते तसं करत जाचं, असा, साहेब."

"आणि ते सांगतील तसं का करायचं?"

"थे सांगतेत म्हणून."

साहेब यादोरावांकडे वळले. "पट्टे कुठं आहेत?"

धनीराम याच क्षणासाठी आले होते. ते यादोरावांच्या कानाशी लागले. "म्हणा का हा भाग तुलनेसाठी भरून ठेवला. म्हणा नं, नामी उत्तर आहे! पास होता तुमी!"

उत्तर खरंच नामी होतं. यादोरावांनी तोंड उघडलंही. दुकान वाचत होतं, पाटी वाचत होती. समोर गोदावरीबाई उभ्या होत्या, कंबरेपर्यंत चिखलात भरलेल्या, आणि यादोभाऊंची परीक्षा आपण कशी सांभाळली या कौतुकानं त्यांच्याकडे पाहत होत्या. यादोरावांना एकदम लाल शाईचं ते पान आठवलं. खाली मारलेल्या दोन रेघाही आठवल्या.

"चूक माही आहे, साहेब," ते म्हणाले. "पट्टा सोडा म्हटलं. काहून सोडाचा थे म्या सांगतलंच नाही." आणि मग साहेबांकडे पाठ करून ते बायांशी बोलू लागले. "पऱ्हे कमी नव्हते पडले, बाई. तुडतुडा किडा कोठं राहते? बुडाशी, दाटीत, जिथं ऊन नाही, वारा नाही. दाट रोवला का त्याचं घर होते अन् एका आठवड्यात बांधी जळल्यावानी होते. मधात पट्टा मोकळा सोडला तं बुडापर्यंत वारा जाते, ऊन जाते. थो टिकत नाही. वाढला तरी औषध बुडाशी पोचते. म्हणून पट्टा!"

गोदावरीबाईंचं हसू हळूहळू मावळलं.

"मागच्या साली माही एक एकराची बांधी तुडतुड्यानं अशीच जळली," त्या म्हणाल्या. "दोनदा तुमच्या दुकानात आली मी. दोन शिश्या देल्या तुमी. 'पंपाले एक झाकण' म्हटलं. तवा हे काहून नाही सांगतलं?"

धुऱ्यावर मोठी माणसं उभी होती. परीक्षक होते, मॅडम होत्या, निम्मं गाव गोळा व्हायला लागलं होतं. धनीराम डोळ्यांनी खुणावत होते. बावीस वर्षं दुकानात बसून यादोरावांनी जे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं, ते मोठ्या कष्टानं बाहेर पडलं.

"मलेच मालूम नव्हतं, बाई."

धनीरामांनी डोळे मिटून घेतले. गोदावरीबाईंनी लुगड्याचा ओचा खोचला आणि टोळीकडे वळून ओरडल्या, "ए बाया हो, चाला! सकाळचे सारे पऱ्हे उपटा! सहाच्या सहा पट्टे मोकळे करा!" चौदा जणी बांधीत उतरल्या. यादोरावही चपला धुऱ्यावर टाकून, इस्त्रीच्या पँटसकट, मागोमाग उतरले. अर्ध्या तासात सहा पट्टे पुन्हा चमकायला लागले. यादोरावांना चिखल लावायचं राहून गेलं होतं, ते कामही बायांनी उरकून घेतलं.

साहेबांनी ओल्या कागदावर शिसपेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. काय ते कुणाला दिसू दिलं नाही. जीपच्या सीटवर रद्दी अंथरून ते बसले आणि निघून गेले.

त्यानंतर निकालाची वाट पाहणं आलं. यादोरावांचं जेवण कमी झालं. धनीराम रोज संध्याकाळी येऊन 'तुलनेसाठी' हे उत्तर किती नामी होतं ते नव्यानं समजावून सांगायचे. गिऱ्हाइकं पोतं वर करून गोबी पाहायची आणि यावेळी काहीही न विचारता पोतं खाली सोडायची. ते जास्त जिव्हारी लागायचं. परवान्याची मुदत महिन्याअखेरीस संपत होती.

आठव्या दिवशी यादोराव सायकलनं खालच्या रस्त्यानं येत होते. रोवणाऱ्या बाया आपली स्वतःची शेती सगळ्यांत शेवटी रोवतात. गोदावरीबाईंच्या एक एकरात त्या दिवशी रोवणा चालू होता. दोरी नव्हती, पण दहा ओळी आणि एक पट्टा, दहा ओळी आणि एक पट्टा, सारं नजरेनं जोखलेलं, तरी सरळ. रस्त्यावर फिरायला निघालेले धनीराम उभे होते आणि सारं ऐकलेलं असूनही बाईंची मुद्दाम फिरकी घेत होते.

"काय, गोदावरीबाई, पऱ्हे सरले काय? खाली काहून ठेवली जागा?"

गोदावरीबाई कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. "इकडं या, ऐका. तुडतुडा कोठं राहते, मालूम आहे? बुडाशी! दाटीत! तिथं ऊन नाही, वारा नाही..." आणि त्यांनी सगळं सांगितलं. तुडतुडा, ऊन, वारा, औषध बुडाशी पोचणं, एकही मुद्दा न गाळता. यादोराव बाभळीआड सायकल धरून ऐकत राहिले. आता आपलं नाव येईल, आता येईल, म्हणून त्यांनी श्वास रोखून धरला होता.

"हे तुमाले कोणी सांगतलं?" धनीरामांनी विचारलं.

"सांगा कायले लागते? एवढं तं समजतेच आमाले!"

यादोरावांचं तोंड एवढंसं झालं. वर्षभर पहाटे उठून पाठांतर केलं त्यांनी, आणि समजतं म्हणे यांना! ते रागानं सायकलवर बसले. दहा पावलं गेल्यावर त्यांनी मागं वळून पाहिलं. ऊन उतरत होतं आणि गोदावरीबाईंच्या बांधीतले मोकळे पट्टे लांबून दिसत होते. मागच्या साली हीच बांधी जळाली होती. ते इतकं जोरात पायडल मारत निघाले की वाटेत दोघांनी त्यांना काय झालं म्हणून हाक मारली. ते घरी आले, शिडी लावली, पोतं ओढून फेकलं आणि गोबीसकट पाटी दुकानावर ठोकली.

तुळसाबाई धावत बाहेर आल्या. "निकाल लागला?"

"लागला."

"कागद कोठं आहे?"

"कागद येईन मागून."

कागद चार दिवसांनी आला. पंचावन्न मार्क हवे होते, यादोरावांना एकसष्ट होते. तो त्यांनी पानठेल्यावर नेला नाही, डेअरीतही नेला नाही, दुकानातच उभ्या उभ्या वाचला. सगळ्यांत खाली, परीक्षकाच्या शेऱ्याच्या जागी, साहेबांच्या बारीक अक्षरात एकच ओळ होती: 'उमेदवारास "मला माहीत नव्हते" असे म्हणता येते.' यादोरावांनी ती तीनदा वाचली. हे कौतुक आहे की अपमान, ते त्यांना ठरवता येईना. त्यांनी कागद तुळसाबाईंच्या पुढे धरला.

तुळसाबाईंनी वाचला, घडी केली आणि देवाच्या फोटोमागे जपून ठेवला.

"अट्ठावीस वर्षं झाली लग्नाले," मग त्या म्हणाल्या. "माह्यापुढं तं एकदाबी नाही म्हटलं तुमी थे. मलेबी एकदा म्हणून दाखवा नं."

तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं, म्हणून प्रमाणित पीक सल्लागार वाचले.